पलंगाची घाई कशाला?

बुंदेलखंडातल्या गावांत उन्हाळा आला की खाटा गच्चीवर जातात आणि पाऊस पडला की घरात येतात. ही हलवाहलव स्वमग्न मुलाची झोप उडवू शकते. नवी चादर टोचते, पंख्याचा आवाज वेगळा लागतो. निम्म्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेच्या तक्रारी असतात. त्या म्हणजे मुलाचा हट्ट नव्हे.

म्हणून मुलाला जमिनीवरून पलंगावर न्यायचं असेल, तर ते जिथे झोपतं, तिथेच आधी गादी घालावी आणि जुनी गोधडी तशीच ठेवावी. गादी अंगवळणी पडली की मग ती पलंगावर न्यावी. एका वेळी एकच बदल करावा. झोपण्याआधीचा क्रम चित्रांतून दाखवावा. जड पांघरुणांचा बराच गाजावाजा होतो. ब्रिटनमधल्या २०१४ च्या चाचणीत मुलांना ती आवडली, पण झोप वाढली नाही. घोरणं किंवा बद्धकोष्ठता असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

उपचारांच्या खर्चासाठी हेही लक्षात ठेवावं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्यातून उपचारांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आधार मिळतो. तो जरूर घ्यावा. आणि मूल जमिनीवर निवांत झोपत असेल, तर पाहुण्यांच्या टोमण्यांसाठी त्याला उठवू नये.