जखम, माशी आणि यतना

पावसाळ्याच्या दिवसांत पांजरपोळात एक प्रसंग वारंवार उद्भवतो. एखाद्या गाईच्या खुरात अथवा शिंगाच्या मुळाशी जखम झालेली असते आणि तिच्यात अळ्या पडलेल्या असतात. अळ्या काढाव्यात तर त्या जीवांचा घात होतो; न काढाव्यात तर गाय जिवंतपणी पोखरली जाते. शास्त्राने कृमींना द्वींद्रिय, माशीला चतुरिंद्रिय आणि गाईला पंचेंद्रिय म्हटले आहे. पण सेवेकऱ्याच्या मनाची घालमेल तेवढ्याने शमत नाही. हा पेच खरा आहे. मात्र त्याचा आरंभ त्या दिवशी झालेला नसतो. तो काही दिवस आधीच, जखम उघडी राहिली तेव्हा झालेला असतो.

वैद्यकशास्त्रात या विकारास ‘मायियासिस’ म्हणतात. माशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. पुष्कळ माश्यांच्या अळ्या कुजलेल्या पदार्थांवर वाढतात. परंतु भारतात आढळणाऱ्या ‘क्रायसोमिया बेझियाना’ या निळसर-हिरव्या माशीच्या अळ्यांना जिवंत प्राण्याचे मांसच लागते. मादी जखमेच्या कडेला एका वेळी सुमारे १०० ते २५० अंडी घालते. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि डोके खाली करून आत शिरतात. त्यांच्या अंगावर काट्यांची वलये असल्यामुळे इंग्रजीत त्यांना ‘स्क्रूवर्म’, म्हणजे स्क्रूसारखा किडा, असे नाव पडले. सुमारे आठवडाभर पोसल्यावर त्या जमिनीवर गळून पडतात व मातीत कोष करतात. दरम्यान जखमेचा दर्प आणखी माश्यांना बोलावतो. गोचिडीच्या चाव्याएवढी लहानशी इजाही या साऱ्याला पुरेशी असते.

माणूसही यातून सुटलेला नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले रुग्ण, नाकाचा जुना विकार असलेले किंवा तोंड स्वच्छ ठेवू न शकणारे आजारी यांच्यात हा विकार दिसतो. कित्येकदा वेदना जाणवत नसल्याने तो उशिरा उघडकीस येतो, आणि लाजेपोटी घरचे लोक तो लपवितात. नाक, कान किंवा डोळ्यांजवळ अळ्या आढळल्यास तासभरही न थांबता रुग्णालय गाठले पाहिजे.

अळ्या पडल्यावर त्या तशाच ठेवणे ही दया नव्हे. त्यात आश्रयदात्या जीवाचे हाल वाढतच जातात. पशुवैद्य टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या वर येऊ देतात, चिमट्याने एकेक काढतात, जखम धुतात व आवश्यक तेथे आयव्हरमेक्टिन देतात. घरच्या घरी रॉकेल किंवा फिनेल ओतल्याने मात्र निरोगी मांस भाजते आणि जखम अधिकच चिघळते.

खरी यतना याच्या आधी आहे. नवजात वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. जू घासून झालेली खांद्याची जखम, वेसणीचे व्रण, फुटलेल्या लम्पीच्या गाठी रोज पाहाव्यात, स्वच्छ करून मलम लावावे. लाळ्या-खुरकूत रोगाची लस वेळेवर टोचली तर खुरांतील पुष्कळ जखमा मुळात होतच नाहीत. गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि गोठा कोरडा ठेवावा. घरातील वृद्धांच्या पाठीकडे, टाचांकडे व बोटांच्या बेचक्यांत रोज लक्ष द्यावे. दिवसा झोपणाऱ्या रुग्णालाही मच्छरदाणी लावावी.

‘आधीच थांबवावे’ हेच सूत्र विज्ञानाने अमेरिका खंडात फार मोठ्या प्रमाणावर वापरले. तेथील स्क्रूवर्म माशीची मादी सहसा आयुष्यात एकदाच समागम करते, हे ध्यानात घेऊन एडवर्ड निपलिंग व रेमंड बुशलँड यांनी किरणांनी वंध्य केलेल्या माश्या सोडण्याची कल्पना विकसित केली. अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी फळतच नाहीत. १९५४ साली कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावरून ही माशी काही महिन्यांत नाहीशी झाली. १९६६ मध्ये अमेरिकेची संयुक्त संस्थाने तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ही पद्धत अहिंसेच्या कसोटीवर पूर्णपणे उतरते असे म्हणता येणार नाही. तरी असंख्य जनावरांच्या जखमा तिने वाचविल्या. तथापि पहारा ढिला पडताच शत्रू परततो. २०२४ च्या अखेरीस हीच माशी मेक्सिकोत पुन्हा आढळली.

गोठ्यातील जखम असो वा घरातील रुग्णाची, तिच्याकडे पहिल्याच दिवशी पाहिले तर अळी आणि गाय यांतून निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. अंडे पडण्यापूर्वी जखमेवर बांधलेल्या एका स्वच्छ पट्टीने दोन्ही जीवांचे रक्षण होते. जीवदयेचे हे काम मोठ्या दानाचे नाही; ते रोज सायंकाळी गोठ्यात कंदील घेऊन फिरणाऱ्या डोळ्यांचे आहे.