रायफल घेऊ का, म्हणून विचारणाऱ्यांना



गेल्या पंधरा दिवसांत सात-आठ जणांनी मला एकच व्हिडिओ धाडला. परदेशातला एक गडी, हातात आखूड नळीची बोल्टवाली रायफल, वर दुर्बीण, अन् रात्रीच्या अंधारात मक्याच्या रानात पटापट डुकरं पाडायलाय. खाली सगळ्यांचा प्रश्न एकच, "अण्णा, आपल्याकडं अशी मिळती का? घ्यावी का?" विचारणाऱ्यांत दोघं माझ्या पाहुण्यातले हायेत, एक तर कृषी पदवीधर हाय. दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. घेऊ नका. का ते खाली वाचा, मग शिव्या द्यायच्या तर द्या.

आधी एक गोष्ट साफ करतो. मी डुकराचा वकील नाही. माझं सहा एकर रान बालाघाटच्या पायथ्याला हाय. मागच्या खरिपात दीड एकर मका होता. कणसं दुधात आली अन् तीन रात्रीत निम्मा मका आडवा झाला. डुक्कर खातं थोडं अन् लोळवतं जास्त. भुईमूग तर आमच्या शिवारात लोकांनी पेरायचाच सोडलाय. हरभऱ्याला घाटे धरले की रोह्यांचा कळप येतो, कोवळं पीक असलं की हरणं शेंडे खुडून जातात. माळ्यावर बसून डबे वाजवण्यात माझी उमर गेली. त्यामुळं "प्राण्यांचं पण जंगल आपण घेतलंय ना" हे ज्यांना मला शिकवायचंय त्यांनी एक महिना आमच्याकडं राखणीला यावं, भाकरी मी घालतो.

आता रायफल. वस्तू म्हणून ती वाईट नाही, हे बी कबूल. बोल्ट हातानं मागं ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलला की नवं आत. भाग कमी, धूळ-मातीत अडकत नाही. नळी आखूड असली की गाडीवर न्यायला, दाट रानात फिरवायला सोपी. आपल्या देशात नागरिकाला मिळणारी बोल्टवाली म्हणजे मुख्यतः सरकारी कारखान्याची ३१५ बोअर, लष्कराच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातली. दुसरी पॉइंट टू-टू. टू-टूनं डुक्कर मरत नाही, जखमी होतं. अन् जखमी डुक्कर कापसात बसून राहिलं तर सकाळी वेचणीला कोण जातं? आपल्या घरच्या बाया. तेव्हा टू-टूचा विषय इथंच संपला. एअरगनचं तर बोलूच नका. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची, २० जूलच्या आतली एअरगन विनापरवाना मिळती म्हणून लोक उड्या मारतात. तिनं डुकराला खाज बी सुटत नाही, अन् वन्यप्राण्यावर चालवली तर कायद्यानं ती शिकारच.

राहिली ३१५. कायदा काय म्हणतो बघा. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. पीक राखायला म्हणून जी बंदूक द्यायची ती ठासणीची. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपण बारा बोअर म्हणतो तसली. रायफल म्हणजे नळीत आतून आट्या पाडलेली, तिचं पीक संरक्षणाच्या त्या कलमात नाव नाही. कायदा करणारे काय येडे नव्हते. बारा बोअरच्या छर्र्याचा जोर चाळीस-पन्नास मीटरच्या पुढं ओसरत जातो. ३१५ ची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पुढं जाते.

काही हुशार लोक सांगतात, आत्मरक्षणाचं कारण लिहा, वशिला लावा, रायफल मिळती. मिळतही असेल. पण परवाना जिवाच्या रक्षणाचा अन् वापर डुकरावर, म्हणजे अट मोडली. उद्या काही झालं तर तो वशिल्यावाला ठाण्यात तुमच्या शेजारी बसायला येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अन् त्या व्हिडिओत हे कुठंच दिसत नाही. त्या गड्याच्या रानाच्या मागं मैल-दोन मैल चिटपाखरू नसतं. आपल्याकडं काय हाय? कृषिपंपाची लाईट निम्मा आठवडा रात्रीची. डुक्कर यायची वेळ अन् शेजाऱ्यानं दारं धरायची वेळ एकच. तुमच्या बांधापासून तीनशे मीटरवर एक जण बॅटरी घेऊन गव्हाला पाणी देतोय, त्याच्या पल्याड वस्ती, वस्तीवर अंगणात बाज टाकून म्हातारी झोपलेली. उसाची तोड चालू असली तर फडाच्या कडेला कोप्या, त्यात लेकरं. डुकराची उंची तुमच्या मांडीएवढी, तूर डोक्याएवढी. नेम कशावर धरणार? शिकारीतली जाणती माणसं गोळी सोडायच्या आधी जनावराच्या मागं काय हाय ते बघतात, टेकाड असलं तरच घोडा ओढतात. सपाट काळ्या रानात टेकाड कुठून आणता? पाच क्विंटल मका वाचवायला जाऊन शेजारचा माणूस गेला तर पुढच्या दोन पिढ्यांनी त्या बांधावरून कसं जायचं?

आणि अंधारात चमकणारे डोळे डुकराचे, रोह्याचे का काळविटाचे, हे छातीवर हात ठेवून कोण सांगतो? काळवीट पहिल्या अनुसूचीत हाय. तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही, सातपर्यंत जाते. सलमानसारख्याला जोधपूरच्या कोर्टानं २०१८ मध्ये पाच वर्षं सुनावली, त्याला वकिलांची फौज परवडती. तुम्हाला-मला तारखेला जायचं एसटीचं तिकीट परवडत नाही.

बरं, समजा सगळं जमलं. परवाना मिळाला, लाख-सव्वा लाख घातले, नेम बी बसतो. तरी किती मारणार? काडतुसं परवान्यावर ठरवून दिलेली. डुकरीण पौणेचार महिन्यात विते, एका वेताला चार-सहा पिल्लं टाकते, खायला भरपूर असलं की वर्षात दुसरं वेत. तुम्ही एक मारलं की कळप आठ दिवस शेजाऱ्याच्या रानात जातो अन् परत येतो. तो व्हिडिओ जिथला असावा त्या टेक्सासचंच घ्या. तिथं २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मोकळीक हाय. २०१९ पासून खासगी रानात डुक्कर मारायला शिकारीचा परवाना बी लागत नाही. घराघरात रायफली. तरी तिथं आज वीस लाखांच्या वर डुकरं असल्याचा अंदाज सांगतात. तिथं जे रायफलीनं झालं नाही ते आपल्या शिवारातल्या एका रायफलीनं होणार हाय का?

अजून एक गंमत ऐका. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. लोकसभा, विधानसभा, झेडपी, नगरपालिका, ग्रामपंचायत. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात झाली. तूर फुलात, ज्वारी पोटऱ्याकडं, हरभरा कोवळा. ऐन राखणीच्या दिवसांत बंदूक साहेबांच्या कपाटात. डुकराला आचारसंहिता लागत नसती.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलतो, कारण बंदूक म्हटलं की बीडचं नाव निघतंच. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला अन् मग जिल्ह्यात किती परवाने वाटलेत याचा हिशेब बाहेर आला. बाराशेच्या वर. पुढं प्रशासनानं शंभराहून जास्त रद्द केले. त्या दिवसांत कमरेला लावून मिरवणाऱ्यांचे, हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. त्यातल्या एकाच्या तरी पायाला चिखल होता का? मला बंदुकीचा राग यासाठी हाय. जिल्ह्यात बंदूक म्हणजे पिकाची राखण राहिलीच नाही, ती वजन दाखवायची वस्तू झाली. अन् आता आमच्या पोरांना तीच वस्तू "पीक संरक्षण" म्हणून गोड लागायलीय. पोरांनो, खरं सांगा, डुक्कर दिसतंय का स्टेटस?

मग काय डबेच वाजवायचे? नाही. मारायचं काम ज्याचं हाय त्याच्याकडून करून घ्यायचं. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणं उभ्या पिकाला धोकादायक झालेलं दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर मारायची परवानगी देता येते. रानडुक्कर अन् रोही आता त्याच अनुसूचीत हायेत. आपल्या राज्यानं जुलै २०१५ मध्ये या दोघांसाठी शासन निर्णय बी काढला. कागद हाय, पण मारणार कोण? शेतकऱ्याकडं बंदूक नाही, अन् खात्याकडं वेळ नाही. मी स्वतः एका कार्यालयात नुकसानीचा अर्ज दिला होता. पोच लगेच मिळाली, माणूस अकराव्या दिवशी आला अन् म्हणतो नुकसान दाखवा. तोवर मी रान मोडून पाळी घातली होती.

आणि जेव्हा मनावर घेतात तेव्हा होतं की. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. तो पुढं करमाळ्याकडं सरकला. १८ डिसेंबरला परवानगीनं, नेमलेल्या नेमबाजानं त्याला पाडला. बिहारात मोकाम्याला २०१६ मध्ये रोही मारायला हैदराबादेहून नेमबाज आणले होते. त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं जुंपलं तो भाग वेगळा. केरळनं २०२२ मध्ये रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचा अधिकार थेट पंचायतीच्या प्रमुखाला दिला. तिथं बी दर शेतकऱ्यानं रायफल घेतली नाही, परवान्याचे नेमबाज ठरवून दिले. असा माणूस शिवारात येतो, मचाणावरून खाली गोळी मारतो, म्हणजे चुकली तरी मातीत जाते. गावाला आधी दवंडी, त्या रात्री कोणी दारं धरायला जायचं नाही. हे तालुक्याला चार माणसं नेमून होण्यासारखं काम हाय. मागायचं तर हे मागा.

तोवर तार. सौर झटका मशीन मी दोन वर्षं वापरतोय. सहा एकराला मशीन, प्लेट, बॅटरी, तार, खांब मिळून ३१ हजार गेले. त्यात मजुरी नाही, आम्ही बापलेकांनीच ओढली. सेकंद-दीड सेकंदाला एक ठोका बसतो, जनावर उडतं पण मरत नाही. लोकांचं चुकतं ते तारेच्या उंचीत. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, फार तर सव्वा वीत. वर गेली की ते मुस्कट खालून घालतं. दुसरी गुडघ्याला, अन् रोह्यासाठी वर अजून दोन, छातीपर्यंत. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत मरतो, म्हणून पंधरा दिवसाला खालचं गवत कापावंच लागतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईपाशी बादलीभर पाणी ओता, कोरड्या जमिनीत झटका बसत नाही. या दोन वर्षांत माझ्याकडं एकदा डुकरं शिरली, ओढ्याच्या बाजूनं, पुरानं खांब वाहून गेला होता तेव्हा. वनखात्याच्या जन-वन योजनेत गाव बसत असलं तर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते मिळतं, चौकशी करा.

आकडा टाकून थेट लाईट सोडणारे अन् कणकेत गावठी बॉम्ब घालणारे आपल्यातच हायेत, त्यांना हात जोडतो. त्यात डुकरापेक्षा गडीमाणसं अन् म्हशीच जास्त जातात. पाइपाची कार्बाइड गन बी पोरांच्या हाताला लागू देऊ नका, २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं किती लेकरांचे डोळे गेले ते वाचलंय ना.

केव्हीकेच्या अन् कृषी विभागाच्या साहेब लोकांना एक विनंती. बियाण्याचे, फवारणीचे प्लॉट दाखवता तसा एक तारेचा प्लॉट दाखवा. आपल्या पिकविम्याचा बीड पॅटर्न देशभर गेला म्हणतात. आता केंद्रानं खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचं नुकसान विम्यात घ्यायचं जाहीर केलंय, ७२ तासांत ॲपवर फोटोसहित कळवायचं. डोंगरकपारीला रेंज नसती, तिथल्या माणसानं काय करायचं हे आत्ताच ठरवा, ऑक्टोबरात नको.

१ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार हाय. तालुक्याला वनखात्यानं नेमबाज नेमावेत, अर्ज आल्यावर तीन दिवसांत पाहणी व्हावी, अन् गावच्या डोंगरकडच्या बाजूला सगळ्यांची मिळून एकच झटका तार असावी. एकेकट्यानं लावली तर डुक्कर शेजाऱ्याकडं जातं, हे मी दोन वर्षं बघतोय अन् शेजारी माझ्यावर रुसलाय. ठरावाचा कागद कोणाला पाहिजे असला तर खाली गावाचं नाव टाका, पाठवतो.