हप्त्यावरचे प्रेम

दिवाळी जवळ आली की आमच्या सीमाभागात वर्तमानपत्राचे पहिले पान सराफांच्या ताब्यात जाते. मराठी पेपर घ्या की कन्नड घ्या, पानभर तोच नेकलेस, तीच हसरी नवी नवरी आणि वर तोच सवाल : या पाडव्याला तुम्ही तिला काय देणार? सवाल दिसायला साधा आहे, पण त्याच्या पोटात धमकी आहे. काही दिले नाहीत तर तुमचे प्रेम नाही, आणि थोडे दिलेत तर थोडेच आहे. नवरा-बायकोतल्या सगळ्यांत नाजूक गोष्टीला तोळ्या-माशाचे माप लावणारी ही धमकी आपण दरवर्षी रोख मोजून, आणि आता हप्त्यानेही, विकत घेतो. वर तिला संस्कृती म्हणतो. या लेखाचा रोख त्या धमकीवर आहे.

पाडव्याची ओवाळणी मुळात होती काय? कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे आणि त्याने तबकात ऐपतीप्रमाणे काहीतरी घालायचे. ‘ऐपतीप्रमाणे’ हा शब्द या रिवाजाचा कणा होता. शहापूर-वडगावच्या विणकराच्या घरी तबकात एक रुपया पडला तरी दिवाळी होई, गुळेदगुड्डचा एक खण पडला तरी होई. शेजारणीच्या तबकात काय पडले याची चौकशी तेव्हाही होत असेल. माणसाचा स्वभाव काही आज बदललेला नाही. पण त्या चौकशीपायी कोणी कर्ज काढत नव्हते. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा आकडा ओलांडल्यावरही ‘निदान एक अंगठी तरी’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. या ‘निदान’मध्ये एका साध्या पगारदार माणसाचे दोन-तीन महिने जातात.

कोणी म्हणेल, ही आपली जुनी रीत आहे, तिला बाजाराचे नाव का देता? सोने आपल्याकडे जुने आहे, हे कबूल. स्त्रीधन म्हणून त्याने अडल्यानडल्या वेळी घरे सावरली आहेत, हेही कबूल. पण प्रेमाचा पुरावा म्हणून दागिना मागणे ही रीत जुनी नाही. हिरा आणि प्रेम यांची गाठ तर एका कंपनीने बांधली. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी १९४७ साली अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेत फ्रान्सिस गेरेटी नावाच्या लेखिकेने चार शब्दांचे एक घोषवाक्य लिहिले, आणि बघता बघता साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हा धर्म होऊन बसला. आमच्याकडे उरलेले काम सिनेमाने केले. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यानंतर मराठी लग्नाची हळद, जी परसात चार बायकांच्या ओव्यांवर होत असे, तिला पिवळ्या कपड्यांचा गणवेश, मंडप आणि ध्वनिक्षेपक लागू लागला. मग मेंदीचा कार्यक्रम आला, संगीत आले, आणि आता लग्नाच्या आधीच नवरा-नवरीने कॅमेऱ्यासमोर एकमेकांच्या प्रेमात पडून दाखवायचा ‘प्री-वेडिंग’ आला आहे.

इथे आम्हा सीमावासीयांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, तुरुंगात गेलो, लाठ्या खाल्ल्या. पण लग्नपत्रिका इंग्रजीत छापताना आपला हात थरथरत नाही आणि वरातीत हिंदी गाण्यावर नाचताना मातृभाषा आठवत नाही. या एका बाबतीत मराठी आणि कन्नड घरांत पूर्ण एकी आहे; दोघांनीही आपापले शहाणपण एकाच दुकानात गहाण टाकले आहे. आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. शेजारचे कन्नड घर म्हणते, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. शब्द वेगळे, अंथरूण तेच, पाय तेच. दोन भाषांतल्या आज्यांनी तेच सांगितले आणि दोन भाषांतल्या नातवंडांनी ते ऐकले नाही.

आता हिशेब करू. प्रेमावरच्या लेखात हिशेब कशाला, असे वाटत असेल तर थोडा धीर धरा. समजा, लग्नाच्या हौसेपायी मुलाने सोसायटीतून किंवा बँकेतून चार लाखांचे कर्ज काढले. व्याज दरसाल १४ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ९,३०० रुपये. पाच वर्षांत चार लाखांचे साडेपाच लाखांच्या वर जातात. दीड लाखाहून जास्त नुसते व्याज. ही पाच वर्षे कोणती? लग्नाची पहिली पाच. ज्या दिवसांत दोघांनी एकमेकांना ओळखायचे, फिरायचे, रुसायचे, समजूत काढायची, पहिले मूल हातात घ्यायचे, त्या दिवसांच्या दर पाच तारखेला दारात हप्ता उभा. तो जास्तीची पाळी करतो, ती शिकवण्या घेते, आणि रात्री साडेनऊला दोघे थकून एकमेकांसमोर बसतात तेव्हा बोलायला विषय एकच असतो : पैसे. ज्या प्रेमाचा सोहळा करण्यासाठी कर्ज काढले, त्याच प्रेमाची फुरसत त्या कर्जाने खाल्ली. ऋण काढून सण करू नये असे म्हणणारी माणसे कंजूष नव्हती. त्यांना सणानंतरचा महिना माहीत होता.

‘लग्न आयुष्यात एकदाच होते’ हे उत्तर ठरलेले आहे. एकदाच होते म्हणून तर त्याची सुरुवात ओझ्याने करू नये. आणि साधे लग्न म्हणजे काहीतरी कमीपणा, हा समज ज्यांचा असेल त्यांनी आपल्याच दोन भाषांचा इतिहास जरा पाहावा. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुरोहित नाही, देणेघेणे नाही, खर्च अगदी नाममात्र. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. पुढे जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे काय मागते? दागिना नव्हे, स्त्रीच्या हक्कांचे वचन मागते. कन्नडमध्ये राष्ट्रकवी कुवेंपु यांनी ‘मंत्रमांगल्य’ ही साध्या विवाहाची पद्धत घालून दिली आणि १९६६ साली स्वतःचा मुलगा, पुढे मोठे लेखक झालेले पूर्णचंद्र तेजस्वी, याचे लग्न त्याच पद्धतीने लावले. मोजकी माणसे, हुंडा नाही, थाट नाही. बेळगावच्या राणी पार्वती देवी कॉलेजात काही काळ शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे लग्न १९४६ च्या जूनमध्ये रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झाले. त्या लग्नाला वरात नव्हती म्हणून त्यांच्या संसारात काही उणे पडले असे कोणी म्हणणार नाही. उणे-अधिक जे काही होते ते सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये स्वच्छ सांगितले आहे, त्यात वरातीचा हिशेब नाही.

एवढे मागे जायचे नसेल तर २०२० आठवा. टाळेबंदीत केंद्र सरकारने लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली, आणि जे कोणत्याही समाजसुधारकाला जमले नाही ते एका विषाणूने करून दाखवले. अंगणात, गच्चीवर, देवळाच्या ओसरीत लग्ने लागली. त्या जोडप्यांचे संसार चालू आहेत, मुले शाळेत जाऊ लागली आहेत. बंदी उठली आणि आपण पुन्हा हजार पानांच्या पंगतीवर आलो. याचा अर्थ, साधे लग्न अशक्य नव्हते. फक्त ‘लोक काय म्हणतील’ याला द्यायला सरकारी आदेशाचे निमित्त हवे होते.

इथपर्यंत वाचून काही नवरेमंडळी मान डोलावत असतील. ‘मी तर पहिल्यापासून हेच सांगतो’ असे म्हणून लेख बायकोपुढे सरकवायच्या बेतात असतील. त्यांनी थांबावे, कारण पुढचे त्यांच्यासाठी आहे. साधेपणाच्या नावाखाली आपल्याकडे एक दुसरी लबाडीही चालते. नवऱ्याचा चहा-पान, त्याची मोटारसायकल, मित्रांबरोबरची गोव्याची फेरी या गरजा. आणि बायकोने गजरा मागितला की ती उधळपट्टी. काटकसर घराची, पण काटायचे मात्र तिच्या वाट्यातून. दुधावरची साय मुलांना, भाजीचा शेवटचा घास पाहुण्याला आणि साधी राहणी तिला. याला साधेपणा म्हणत नाहीत, याला फुकटेपणा म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून मराठी घरांत वाचली जातात. रेव्हरंड टिळकांचा हात सढळ, पैसा घरात टिकत नसे, आणि त्या मोठेपणाची झळ सोसायची लक्ष्मीबाईंनी. त्या हसत हसत लिहितात म्हणून आपणही हसत हसत वाचतो. पण चूल कोणी पेटती ठेवली हे त्या हसण्याआड लपत नाही. दोघांचे खरे प्रेम होते, यात शंका नाही. पण एकाने उधळावे आणि दुसरीने निभवावे, किंवा एकाने ठरवावे आणि दुसरीने सोसावे, या दोन्हींत साधेपणा नाही. साधी राहणी दोघांनी मिळून ठरवलेली असेल तरच ती साधी. एकाने लादली की ती टंचाई होते.

मग थोडक्यात, कमी पैशांत प्रेम साजरे करायचे कसे? याला फार विद्वत्ता लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ देणे पैसे देण्यापेक्षा अवघड आहे, म्हणूनच माणसे अंगठी देऊन सुटतात. आपल्या गावाला काय कमी आहे? संध्याकाळी किल्ला तलावाच्या काठाने दोघांनी एक फेरी मारावी, भाजलेले कणीस अर्धे-अर्धे खावे. रविवारी पहाटे येळ्ळूरचा राजहंसगड चढून सूर्य उगवताना पाहावा. त्याला तिकीट नाही. येताना पाव किलो कुंदा आणावा आणि पाहुण्यांसाठी न ठेवता दोघांनीच संपवावा. वाचनालयाचे एकच पुस्तक रात्री एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे. महिन्यातून एक दिवस नवऱ्याने स्वयंपाकघराचा ताबा घ्यावा आणि सासूबाईंनी मध्ये पडू नये. भांडण झाले तर झाले. ‘गंड हेंडिर जगळ उंडु मलगुव तनक’, नवरा-बायकोचे भांडण जेवून निजेपर्यंत, असे शेजारची कन्नड आजी सांगते. पण त्यासाठी दोघांनी एका वेळी जेवायला तर बसायला हवे! एक जण रात्रपाळीला आणि दुसरी शिकवणीला गेली, तर भांडण मिटायला जागाच उरत नाही.

आणि दिवाळसण? पाडव्याच्या ओवाळणीपेक्षाही मोठी लूट तिथे चालते. लग्नात कंबर मोडलेल्या मुलीच्या बापाने वर्ष उलटायच्या आत जावयाला पुन्हा अंगठी, घड्याळ, हल्ली मोबाइल द्यायचा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याला साठ वर्षे उलटून गेली आणि हुंडा मात्र सणाचे नाव घेऊन मागच्या दाराने येतोच आहे. या बाबतीत मुलीच्या बापाला उपदेश करून उपयोग नाही. त्याला ‘देऊ नका’ म्हणणे सोपे आहे, पण न दिल्याचे बोल सासरी त्याच्या मुलीला ऐकावे लागतात. तोंड उघडायचे ते जावयाने. सासऱ्याला दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन करून एवढेच सांगायचे : आम्ही दोघे फराळाला येतो, बाकी काही आणलेत तर परत देऊन जाईन. आणि हे सांगताना स्वतःची आई शेजारी बसलेली असावी, म्हणजे तिलाही ऐकू येईल.

पाडव्याला सकाळी ओवाळून झाले की तबकात काय घालायचे, याचेही उत्तर देऊन ठेवतो. ज्यांना सोने घेणे परवडते आणि घ्यायचेच आहे त्यांनी ते रोख घ्यावे आणि तिच्या नावाने, तिच्या ताब्यात द्यावे. प्रेमाचा पुरावा म्हणून नव्हे, तिच्या हक्काची ठेव म्हणून. ज्यांना परवडत नाही त्यांनी एक रुपया घालावा, खण घालावा, फूल घालावे, पण उधार आणलेले काही घालू नये. आणि दोघांनीही त्याच दिवशी, फराळाचे ताट पुढे घेऊन, घरातल्या सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर लिहावी. पुष्कळ बायकांना नवऱ्याच्या डोक्यावर किती हप्ते आहेत हे माहीत नसते. पुष्कळ नवऱ्यांना बायकोने महिनाअखेर कशी निभावली हे माहीत नसते. यादी लिहून झाली की सगळ्यांत छोटे कर्ज आधी फेडायचे ठरवा, आणि ज्या महिन्यात ते फिटेल त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी राजहंसगडावर जा. येताना कुंदा आणायला विसरू नका.