विश्लेषण : अ‍ॅपमधला डेटा ‘करप्ट’ का होतो? चूक नेमकी कोणाची?

दुकानदाराने सकाळी उधारीचे अ‍ॅप उघडावे आणि स्क्रीनवर ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’ असा संदेश दिसावा. किंवा संदेशही नाही, अ‍ॅप थेट कोरे उघडावे. वर्षभराची उधारी गायब! कस्टमर केअरचा ठरलेला सल्ला : ‘डेटा क्लिअर करा, अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा.’ ही दुरुस्ती आहे का?

फोनमधला डेटाबेस म्हणजे काय?

बहुतेक अ‍ॅप फोनमधल्या नोंदी ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसमध्ये ठेवतात. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला हा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत असतो. त्यात सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. बदल अर्धवट असताना फोन बंद पडला तर सावरता यावे, म्हणून शेजारी एक सोबतची फाइल असते. तिला ‘जर्नल’ किंवा ‘वाल’ म्हणतात.

मग गडबड कुठे होते?

अ‍ॅप एकाच वेळी अनेक कामे करते. एक थ्रेड नवी नोंद लिहितो, दुसरा यादी दाखवतो, तिसरा बॅकअप घेतो. एकाच खतावणीत दोन मुनीम एकदम लिहू लागले तर हिशेब बिघडणारच. म्हणून एसक्यूलाइट फाइलला लॉक लावते आणि एका वेळी एकालाच लिहू देते.

मात्र अँड्रॉइड आणि आयफोन ज्या युनिक्स परंपरेतले आहेत, तिथे एक विचित्र नियम आहे. एखाद्या थ्रेडने तीच फाइल परस्पर उघडून बंद केली, तर त्या प्रोसेसने लावलेली सगळी लॉक सुटतात, दुसऱ्या थ्रेडने लावलेलीही! समजा, बॅकअपच्या थ्रेडने फाइल थेट कॉपी केली. लॉक सुटले. त्याच वेळी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा अ‍ॅपचा सिंक करणारा भाग लिहू लागला, तर फाइल खराब होऊ शकते. शिवाय लिहिणे सुरू असताना केलेली कॉपी अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी बॅकअपही बाद.

अ‍ॅप कोरे का उघडते?

फाइल खराब असल्याचे कळताच ती डिलीट करायची, ही अँड्रॉइडची मूळ व्यवस्था आहे. डेव्हलपरने वेगळी सोय लिहिली नसेल, तर वाचवता आला असता असा डेटाही त्याबरोबर जातो.

योग्य उपाय कोणता?

डेव्हलपरने आधी अ‍ॅप पूर्ण थांबवावे. मूळ फाइल आणि सोबतची फाइल, दोन्ही एकत्र जपून ठेवाव्यात. सोबतची फाइल ‘कचरा’ समजून काढणे हेही फाइल खराब होण्याचे एक कारण आहे. मग कॉपीवर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा आणि ‘रिकव्हर’ कमांडने वाचतील त्या नोंदी नव्या फाइलमध्ये घ्याव्यात. त्यानंतर कोडमध्ये डेटाबेसची फाइल परस्पर कोण उघडते, हे शोधावे. बॅकअपसाठी एसक्यूलाइटचीच सोय वापरावी.

वापरकर्त्याने काय करावे?

‘क्लिअर डेटा’ दाबू नये, अ‍ॅप काढू नये. आधी कंपनीला कळवून डेटा वाचवण्याची मागणी करावी. एक्स्पोर्टची सोय असेल तर आठवड्यातून एकदा नोंदी अ‍ॅपबाहेर ठेवाव्यात.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. अशा वेळी फोन जुना आहे, मेमरी भरली आहे, असे सांगून ग्राहकालाच गप्प केले जाते. फोनही कधी दोषी असतो, नाही असे नाही. पण लॉकचा हा नियम एसक्यूलाइटच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला आहे. तो न वाचता लोकांच्या पैशांचा हिशेब सांभाळायला घेणे हा निष्काळजीपणा आहे. ‘क्लिअर डेटा’ने अ‍ॅप सुरू होते, उधारी परत येत नाही.