जुन्या कपड्याला किंमत हवी

राणीसावरगावच्या आठवडी बाजारात भाजीपाल्याच्या ओळी संपल्या की एका बाजूला ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचे ढीग मांडलेले दिसतात. सदरे, विजारी, परकर, लहान मुलांची झबली आणि थंडी जवळ आली म्हणजे स्वेटर. ऊसतोडीला निघण्यापूर्वी बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातील कित्येक कुटुंबे येथूनच कपडे नेतात. कारण उसाचे पाचट नव्या कापडालाही दयामाया दाखवीत नाही आणि तेथे चांगला कपडा घालून जाणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. यात नवल काही नाही. नवल आहे ते गिऱ्हाइकाच्या वागणुकीत. ज्याला कपडा हवा असतो तो आधी ढिगापाशी येतच नाही. शेजारच्या मिरचीवाल्याशी दोन शब्द बोलतो, मागेपुढे पाहतो आणि ओळखीचे कोणी नाही अशी खात्री झाल्यावरच वाकतो. हाच मनुष्य जनावरांच्या बाजारात दुसऱ्याच्या गोठ्यातला बैल दात मोजून उजळ माथ्याने विकत घेतो. जुनी मोटारसायकल घेतली तर तिला हार घालून पेढे वाटतो. आमचे विद्यार्थी पहिल्या पानावर दुसऱ्याचे नाव असलेली क्रमिक पुस्तके निम्म्या किमतीत घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मग कपड्यानेच कोणाचे घोडे मारले आहे?

याचे ठरीव उत्तर स्वच्छतेचे असते. दुसऱ्याच्या अंगाचा घाम, दुसऱ्याचा रोग. हे उत्तर फारसे टिकत नाही. मराठी घरात जन्मलेल्या मुलाला पहिले दुपटे मिळते ते आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे. नवे कापड त्याच्या कातडीला बोचेल म्हणून आपण ते मुद्दाम टाळतो. त्याच्या अंगाखालची गोधडी चार घरच्या चिंध्यांची असते. पुढे थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो, मामेभावाची विजार आतेभावाला येते आणि आईचे लग्नातले पातळ मुलगी मोठ्या हौसेने नेसते. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र आपल्याला वर्ज्य नाही. नात्याच्या कुंपणाबाहेरून आलेले वर्ज्य आहे. आणि त्यातही ते कोणाच्या हातून, कोणत्या मिषाने आले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ आपल्या गावगाड्यात आहे. बेदरच्या बादशहाने दिल्याचे परंपरेने सांगितले जाणारे महारांचे जे बावन्न हक्क होते, त्यांत प्रेतावरच्या वस्त्राचाही समावेश होता. त्याला ‘हक्क’ म्हणणे ही भाषेची क्रूर थट्टा आहे. वस्त्र वरून खाली उतरत जाई आणि जो ते घेई त्याची पायरी त्याच वस्त्राने गावाला दिसे. ‘उतरलेले कपडे’ हा आपला शब्दप्रयोगच पाहा. कपडा अंगावरून उतरला एवढाच त्याचा अर्थ नाही. तो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरला, असाही आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, कपडे स्वच्छ कसे ठेवावेत, हे सांगितले, तेव्हा ते वेशभूषेवर बोलत नव्हते. जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी आजही कोणी ‘मेलेल्याचे तर नसतील ना’ असे पुटपुटतो, तेव्हा त्या शंकेत भुताखेतांची भीती थोडी आणि त्या पायरीची आठवण अधिक असते.

याच गावगाड्यात याच्या उलट उदाहरणही होते. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, तेव्हा रोख रकमेबरोबर धोतरजोडी, घोंगडे, पायताण यांचीही बोली होत असे. ते कपडे सालगडी मान ताठ ठेवून घेई, कारण तो मजुरीचा भाग होता. त्याच मालकाने दिवाळीला आपला जुना सदरा त्याला ‘वापर’ म्हणून दिला, तर तो तो मान खाली घालून घेई. दाता तोच, घेणाराही तोच. फरक एवढाच की एका कपड्यामागे करार होता आणि दुसऱ्यामागे उपकार. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणगीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे की, फेड करता न येणारी देणगी घेणाऱ्याला लहान करते. आमच्या सालगड्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आमच्या शास्त्रात जुन्या मालाच्या बाजाराविषयी एक नामांकित सिद्धान्त आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालातला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो आणि या अज्ञानापायी सगळा बाजारच बिघडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कपड्याच्या बाबतीत हा सिद्धान्त उलटा होतो, असे मला वाटते. सदरा उजेडात धरला, शिवण ओढून पाहिली की त्याचे गुणदोष कळतात. लपलेले असते ते एवढेच की, तो कोणाचा होता. आणि ते लपलेलेच राहावे अशी घेणाऱ्याची इच्छा असते. लहान गावात नेमके तेच लपत नाही.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात, चांगल्या हेतूनेच, गरजू विद्यार्थ्यांसाठी जुने कपडे गोळा करून वाटण्यात आले. त्यात मीही होतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी एक मुलगा त्यातला निळ्या चौकड्यांचा सदरा घालून आला. अंगावर चांगला दिसत होता. सदरा ज्याच्या घरातून आला होता तो मुलगाही त्याच वर्गात होता. तो काही वाईट बोलला नाही. “अरे, हा माझा होता, तुला छान बसलाय,” एवढेच हसून म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो सदरा पुन्हा कधी दिसला नाही. तो विद्यार्थीही पुढे दोन आठवडे दिसला नाही. कपडे वाटणाऱ्या आम्हा प्राध्यापकांपैकी एकाच्याही डोक्यात हे आधी आले नव्हते.

आता वाटते की, मला तरी यायला हवे होते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या भागाने हादरून अनुभवली. मी तेव्हा शाळेत होतो. गावोगाव मदत गोळा झाली, आम्हीही घरोघर फिरून कपडे जमवले. माझ्या घरातून मी काय दिले हे मला स्वच्छ आठवते. बाहीला उसवलेला एक सदरा, जो घालायला मी स्वतः महिनाभर नकार देत होतो. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना आपल्याला नको असलेले चालेल, हा त्यामागचा हिशेब होता. २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले, ते याच हिशेबामुळे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने त्यांतले पुष्कळ कपडे पुढे उपयोगात आणले. त्या संस्थेचा मोठेपणा कपडे जमवण्यात नाही, देण्याच्या रीतीत आहे. गावकऱ्यांनी आपल्याच गावची विहीर, रस्ता, बांध अशी कामे करायची आणि त्याच्या मोबदल्यात कपडे घ्यायचे. म्हणजे फिरून सालगड्याची धोतरजोडीच झाली. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण कपड्याची मान राखण्याचे हे काम कोणत्याही संस्थेच्या आधीपासून एक बाई करीत आली आहे. ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात येते, तीन पातळे आणि दोन विजारींवर एका स्टीलच्या पातेल्यासाठी तासभर हुज्जत घालते आणि गाठोडे बांधून जाते. घरची बाई तिला दान करीत नाही, तीही घरावर उपकार करीत नाही. पुढे त्या गाठोड्यातले कपडे निवडले जातात, धुतले जातात, उसवलेले शिवले जातात आणि कोठल्या तरी दूरच्या बाजारात मांडले जातात. मुंबई-दिल्लीत हा व्यवसाय मुख्यत्वे गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या स्त्रियांनी उभा केला. दिल्लीच्या रघुबीरनगरात त्यांचा बाजार भल्या पहाटे भरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या स्त्रीला ‘मध्यस्थ’ म्हणून एका ओळीत निकालात काढतात. ती खरे तर कपड्यावरचे जुन्या मालकाचे नाव पुसते. पुण्याचा सदरा गंगाखेडला येतो तेव्हा तो कोणाचाच नसतो. ज्याने पैसे मोजले त्याचा असतो.

म्हणूनच २०१६ च्या सुमारास आपल्या शहरांतून ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीच्या भिंती’विषयी मला आदर असला तरी समाधान नाही. नको असेल ते टांगावे, हवे असेल ते न्यावे, ही कल्पना इराणातल्या मशहद शहरातून जगभर पसरली. पण भिंतीपाशी निवडणारे कोणी नसते, धुणारे नसते आणि किंमत नसते. त्यामुळे टांगणारा दिवसा येतो, छायाचित्रही काढून घेतो आणि नेणारा बहुधा अंधार पडल्यावर येतो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफॅम या संस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटले, ते याहून शहाणपणाचे होते. तेथे वस्तू फुकट येते, पण फुकट जात नाही. तिच्यावर किंमत असते आणि ती घेणारा प्राध्यापक आहे की कामगार, हे गल्ल्यावरचा माणूस विचारीत नाही. आपल्याकडेही महानगरांतील तरुणतरुणी जुने कपडे ‘थ्रिफ्ट’ म्हणून मिरवीत घेऊ लागले आहेत. ज्याला नवा घेणे परवडते त्याचा जुना कपडा आवड ठरतो. ज्याला परवडत नाही त्याचा तोच कपडा दारिद्र्याचा दाखला ठरतो. गाडगेबाबांच्या ठिगळांना लोकांनी हात जोडले, कारण ती त्यांनी स्वतः निवडली होती.

जुन्या कपड्यांनी विणकराच्या आणि शिंप्याच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पूर्व आफ्रिकेत पाश्चात्त्य देशांतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांनी स्थानिक धंद्याचे नुकसान होते म्हणून रुवांडाने २०१६ मध्ये त्यांवरचा कर वाढवला आणि त्यापायी २०१८ मध्ये अमेरिकेने दिलेली व्यापारी सवलत गमावली. आपण अशा आयातीवर निर्बंध ठेवले आहेत, ते योग्यच आहे. परदेशी जुने लोकरी कपडे फाडून पानिपतच्या गिरण्यांत त्यांचे सूत होते, त्याची स्वस्त ब्लँकेटे होतात आणि आपत्तीत तीच वाटली जातात. दुसऱ्याचा सदरा अंगाला लावणार नाही म्हणणारा त्या सदऱ्याखाली नकळत झोपतोच. पण ऊसतोडीला निघालेले कुटुंब जुना सदरा घेते, तेव्हा ते नवा सोडून जुना घेत नसते. बहुधा काहीच न घेण्याऐवजी तो घेत असते. शिवाय प्रत्येक जुना कपडा शिंप्याकडे एकदा जातोच. कापूस पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्यात कास्तकाराच्या पोराला अंगभर कपड्यासाठी ढीग उपसावा लागतो, हा दोष ढिगाचा नव्हे.

तालुक्याच्या गावी एखाद्या बचत गटाने, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मदत घेऊन, असे दुकान चालवणे अशक्य नाही. एका शिंप्याला काम द्यावे, कपडे धुऊन, इस्त्री करून टांगावेत आणि प्रत्येकावर किंमतीची चिठ्ठी लावावी, मग ती वीस रुपयांची का असेना. आपल्या गावचे कपडे मात्र आपल्या गावात विकू नयेत. गंगाखेडचे अहमदपूरला पाठवावेत आणि अहमदपूरचे गंगाखेडला आणावेत. आणि पहिली गिऱ्हाइके पगारदार असावीत, म्हणजे शिक्षक, कारकून, प्राध्यापक. ते जोवर तेथून काही विकत घेत नाहीत, तोवर ते गरिबांचे दुकान राहील आणि गरीब तिकडे फिरकणार नाहीत.

हे लिहायचे ठरवल्यावर गेल्या महिन्यात मी बाजारातल्या त्या ढिगातून एक सदरा घेतला. साठ रुपये पडले. कापड चांगले आहे, एक गुंडी तेवढी बदलावी लागली. वर्गावर जाताना तो दोनदा घातलाही. मात्र ढिगापाशी वाकण्यापूर्वी मीही बराच वेळ मिरचीवाल्याशी बोलत उभा होतो आणि नको असताना पाव किलो मिरच्या घेऊन आलो.