सेक्शन आधी काढावा

इमारतीत शिरल्यावर मन उंचावते की नाही, हे एलेव्हेशनपेक्षा सेक्शनवर ठरते. कार्ल्याचे चैत्यगृह हा त्याचा दोन हजार वर्षांचा पुरावा आहे. एकवीरेच्या दर्शनासाठी पायऱ्या चढून घामाघूम झालेला माणूस देवळालगतच्या लेण्यात सहज डोकावतो आणि आत पाऊल टाकताच त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

हे कसे घडते ते मोजता येते. बाहेर रणरणते ऊन, मग ओसरीची सावली, मग दार; आणि दारापलीकडे एकदम सुमारे १४ मीटर उंच, ३८ मीटर लांब दालन. खांबांमागच्या चिंचोळ्या वाटा काळोखातच राहतात. उजेड येतो तो मुख्यतः दारावरच्या नालाकृती गवाक्षातून, आणि जातो तो स्तूपाकडे. छताच्या सागवानी कमानी काहीही पेलत नाहीत. वर सगळा डोंगरच आहे. लाकडी बांधकामाची सवय म्हणून त्या आल्या, पण नजर वर नेण्याचे काम आजही चोख करतात. दोन्ही रांगांतल्या खांबांच्या शिरावर हत्तींवरची जोडपी कोरली आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी. नजर पोचत नाही तिथे हात आखडता घेतला आहे. (बजेटच्या बैठकीत हे उदाहरण जरूर सांगावे.)

बाळकृष्ण दोशींनी बेंगळुरूच्या आयआयएममध्ये उंचीची आणि ऊन-सावलीची हीच युक्ती आडवी वापरली. दगडी भिंतींच्या त्या उंच कॉरिडॉरवर कुठे छत, कुठे पर्गोला, कुठे नुसते आकाश. वर्गाकडे निघालेल्याला दिवसाचा प्रहर कळतो, आणि रुंदी ये-जा करण्यापुरतीच नसल्याने मुले तिथे रेंगाळतात.

आपल्याकडच्या गृहसंकुलांत नेमकी हीच जागा ‘वाया गेलेली’ धरतात. तळमजल्याच्या लॉबीला मार्बल मिळतो. वर लिफ्टपासून घराच्या दारापर्यंतचा पॅसेज भर दुपारीही ट्यूबलाइटवर चालतो. मंजुरीच्या नकाशांत सेक्शन सगळ्यात शेवटी येतो, तोही जिना आणि टॉयलेटमधून काढलेला, कारण पालिकेला तेवढाच पुरतो. निदान त्या जिन्याच्या सेक्शनवर सकाळी दहाचे आणि दुपारी चारचे ऊन आखून पाहावे. लँडिंगच्या बाहेरच्या भिंतीत खिडकी काढायला एफएसआय लागत नाही.