मोठे टायर आणि रस्त्याच्या कडेचा माणूस

अमरावती आणि अकोल्याच्या रस्त्यांवर सध्या एक नवे खूळ आले आहे. दहा-पंधरा लाखांची जीप घ्यायची, ती शोरूममधून बाहेर आली की कंपनीचे टायर काढून टाकायचे आणि त्याजागी ट्रॅक्टरशी स्पर्धा करतील असे खडबडीत, रुंद टायर बसवायचे. टायर चाकाच्या कमानीबाहेर चार बोटे आलेला असला म्हणजे गाडी 'भारी' दिसते म्हणे! कालपर्यंत हे बाळू ठेकेदार, वाळूवाले आणि पुढाऱ्यांच्या पोरांपुरते होते. आता आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली, धंद्यात चार पैसे मिळवणारी मुलेही या वाटेने निघाली आहेत. भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावलेली अशी एक तरी गाडी असतेच. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला भाग आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या पोरांनी मोठी गाडी घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणायला गावोगावचे जातदांडगे पुरेसे आहेत. घोड्यावर बसलेला दलित नवरदेव ज्यांच्या डोळ्यांत आजही खुपतो, त्यांना आमच्या दारातली गाडीही खुपणारच. वाहन ही आमच्यासाठी केवळ सोय कधीच नव्हती. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा तिथल्या टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा मिळेना, म्हणून आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नाल्यावरच्या पुलावर चाक फरशीच्या दोन दगडांत अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळला. तोपर्यंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला, मुंबई सरकारच्या समितीचा सभासद असलेला हा माणूस! पाहुण्याची अप्रतिष्ठा होऊ नये एवढ्यासाठी वस्तीने आपल्या परीने जे केले, त्यात पाहुण्याचा जीव जाता जाता वाचला. त्या वस्तीला दोष देण्याची आमची छाती नाही. दोष टांगेवाल्यांच्या जातीच्या अहंकाराचा. पण प्रतिष्ठा एका बाजूला आणि चाकाची सुरक्षितता दुसऱ्या बाजूला, हा पेच आमच्या इतिहासात आहे आणि तो आम्ही विसरता कामा नये.

आता टायरचे शास्त्र पाहू. ते अवघड नाही. थार गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडून २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. याचा अर्थ रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि आतली रिम १८ इंचांची. हिशेब केला तर संपूर्ण चाकाची उंची साधारण ३१ इंच भरते. हौशी मंडळी त्याजागी ३३ इंचांचा टायर घालतात. दोन इंचांनी काय बिघडते? बरेच बिघडते. वेगाचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक सहा टक्क्यांनी मोठे झाले की प्रत्येक फेरीत गाडी सहा टक्के जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. काटा ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या आसपास धावत असते. कारखान्यातून येणारा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा दंडक आहे, म्हणून तो मुळात थोडा जास्तच दाखवतो. मोठा टायर ती राखीव पुंजी खाऊन टाकतो. वेग सहा टक्के वाढला की गाडी थांबवायला तेरा टक्के जास्त शक्ती लागते, कारण हा हिशेब वर्गाचा आहे. त्यात टायर जड, ब्रेक मात्र जुनेच. गाडी एक इंच वर उचलली जाते, सोबत लिफ्ट किट बसवले तर आणखी वर, आणि वळणावर कलंडण्याचा धोका तेवढा वाढतो. स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या कमानीला घासतो, तो आवाज मालकाला ऐकू येतो. बाकीचे त्याला ऐकू येत नाही.

(एक गंमत. किलोमीटरचा आकडाही कमी पडतो. अशी जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मीटरवर विश्वास ठेवू नये.)

हे टायर कशासाठी बनलेले असतात? चिखल, रेती, खडक यांसाठी. म्हणजे आमच्या भागात निदान कामाचे तरी असतील, असे वाटेल. पण वऱ्हाडची काळी माती ज्याने पावसाळ्यात तुडवली आहे, त्याला विचारा. ती चाकाला अशी चिकटते की खोबणी गच्च भरतात आणि महागडा खडबडीत टायर दोन मिनिटांत गुळगुळीत होतो. खारपाणपट्ट्यात आषाढात पांदण रस्त्याने ट्रॅक्टर रुतून बसतो, टायरची बंडीही नेता येत नाही. शेतमजूर बाई तिथून डोक्यावर ओझे घेऊन चालत येते. मातोश्रींच्या नावाने २०२१ साली सरकारने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. किती पांदणी मोकळ्या आणि मजबूत झाल्या, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे. आणि ही उंच गाडी त्या पांदणीत जात नाहीच. ती जाते राजकमल चौकात, नाही तर अकोल्याच्या गांधी रोडवर!

फार तर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. या महामार्गाचे अमरावती ते अकोला काम वर्षानुवर्षे रखडले होते आणि लोकांची हाडे खिळखिळी झाली होती. मग जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक सलग डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. सातशेवर कामगार रात्रंदिवस त्या तापलेल्या डांबरापाशी उभे होते. विक्रमाचे प्रमाणपत्र सर्वांनी पाहिले, त्या कामगारांची नावे कुणी छापली? असो. मुद्दा असा की जिथे जगातला विक्रमी गुळगुळीत रस्ता झाला, त्याच रस्त्यासाठी लोक खडकावरचे टायर विकत घेत आहेत. या टायरला मोठमोठे ठोकळे असतात, त्यामुळे ओल्या डांबरावर त्याची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते. आवाज जास्त, डिझेलचा खर्च जास्त.

रस्त्याच्या कडेला कोण असते? मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या आसपास संध्याकाळी बघा. कापूस वेचून परतणाऱ्या बाया, सायकलवरचा गवंडी, दिवा नसलेली बंडी. कमानीबाहेर आलेला टायर खडे आणि चिखल यांच्याच अंगावर उडवतो. काट्याने लपवलेले ते पाच किलोमीटर यांच्याच वाट्याला येतात. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी लखीमपूर खिरीत आंदोलक शेतकऱ्यांच्या अंगावर थार गेली, त्या दिवशीच्या प्रकारात एकूण आठ माणसे मेली. उंच गाडीत बसलेल्याला पायी चालणारा माणूस लहान दिसू लागतो, ही केवळ नजरेची गोष्ट राहिलेली नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले: अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवून हरकत घेऊ शकते, हे टायर विकणारा सांगत नाही. मात्र कंपनीनेच त्या गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेले माप बसवणे आणि ३३ इंच ठोकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पोरांनी लक्षात घ्यावे.

कायदा आहे, अंमल कुणावर? काळीपिवळीत दोन माणसे जास्त बसली की शिट्टी वाजते. ऑटोवाल्याचा टायर झिजलेला दिसला की पावती फाटते. त्याचा टायर गरिबीने झिजलेला असतो. आणि समोरून नियमबाह्य टायरची, काळ्या काचांची गाडी जाते तेव्हा साहेबांची मान दुसरीकडे वळते. झिजलेला टायर धोक्याचा, हे आम्हाला मान्य आहे. मग फुगवलेला टायर धोक्याचा नाही काय?

पैशाचाही हिशेब मांडू. चार टायर, रुंद अलॉय, बसवण्याची मजुरी मिळून खर्च लाखाच्या घरात जातो. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एक लाख रुपये मिळवायला मजुराला ३३७ दिवस गिट्टी फोडावी लागली असती, आणि कायद्याने हमी होती वर्षाला शंभर दिवसांची. आमच्यापैकी किती घरे या गिट्टीवर शिकली, ते वेगळे सांगायला नको. गाडी हप्त्यावर, टायरही हप्त्यावर, आणि घरात धाकटी बहीण पुण्याला शिकायला जाण्यासाठी कर्जाचे कागद गोळा करत असेल, तर आम्ही त्या भावाला विचारणारच.

अमरावतीच्या एमएच २७ आणि अकोल्याच्या एमएच ३० कार्यालयांनी कलम ५२ खाली गेल्या तीन वर्षांत किती गाड्यांवर कारवाई केली, त्यात खाजगी चारचाकी किती आणि ऑटो-काळीपिवळी किती, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दोन्ही जिल्ह्यांतल्या वकील मित्रांनी हे अर्ज या महिन्यात टाकावेत. आकडे आले की आम्ही ते याच जागेत छापू, आमच्या पोरांच्या गाड्या त्या यादीत असल्या तरी.